बाहेर ठेवायचे ससेघर निवडताना: सातारा-सांगलीच्या उन्हापावसाचा हिशेब

ऑनलाइन मिळणारे सशांचे लाकडी घर चित्रात फार देखणे दिसते. उतरते छप्पर, त्यावर हिरवा किंवा काळा डांबरी कागद, एका अंगाला चहूबाजूंनी बंद असलेली निजायची खोली, पुढे जाळीचा लहानसा व्हरांडा आणि वर चढायला शिडी. ही रचना मुळात थंड प्रदेशातील आहे. तेथे सशाचे बर्फापासून आणि गारठ्यापासून रक्षण करायचे असते, म्हणून भिंती बंद, खोली लहान आणि छप्पर ऊब धरून ठेवणारे असते. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८ ते ४० अंशांवर गेला की त्याच बंद खोलीची भट्टी होते. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः लांब कानांतील रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो, आणि हवाच ३० अंशांच्या पुढे तापली की तो मार्गही अपुरा पडू लागतो. उष्माघाताने ससा काही तासांत दगावू शकतो. उलट आपल्याकडील डिसेंबर-जानेवारीचा गारठा, अंग कोरडे असेल आणि वाऱ्याचा झोत थेट लागत नसेल, तर निरोगी प्रौढ ससा सहज सोसतो. त्यामुळे घराची पारख करताना ते मेच्या दुपारी आतून किती तापेल, हे सर्वांत आधी विचारावे आणि जुलैच्या झडीत आतून किती ओले होईल, हे त्याच्या पाठोपाठ.

या वस्तूला सुतार खुराडे म्हणतो, फॅब्रिकेशनवाला पिंजरा म्हणतो आणि ऑनलाइन दुकानदार हच म्हणतो. या लेखात मी ससेघर हा शब्द वापरला आहे. चांगली काळजी घेतल्यास पाळीव ससा ८ ते १० वर्षे जगतो. म्हणजे घर टिकाऊ आहे की नाही हे ठरवताना त्याला ८-१० पावसाळे काढायचे आहेत, हे डोळ्यांसमोर असावे. मी पहिले ससेघर घेतले तेव्हा हा हिशेब केला नव्हता. पाइनच्या पातळ पट्ट्यांचे, रंगीत आणि वजनाला हलके असे ते घर दुसऱ्या पावसाळ्यातच तळाशी फुगले. गणपतीच्या सुमारास त्याचा एक पाय वाळवीने आतून पोखरल्याचे लक्षात आले, तेही घर एका बाजूला कलले तेव्हा. दुकानदाराने हे लाकूड ‘वॉटरप्रूफ’ असल्याचे सांगितले होते. रंगाचा थर पाणी अडवतो हे खरे, पण जेथे खिळा ठोकलेला असतो आणि जेथे फळीचे टोक कापलेले असते, तेथे तो थर नसतो आणि पाणी नेमके तेथूनच शिरते.

जागा आधी, घर नंतर

ससेघर कोणते घ्यावे हे ते कोठे ठेवायचे आहे यावर ठरते, आणि या दोन जिल्ह्यांत हा फरक लहान नाही. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याचा डोंगरी पट्टा आणि जत-आटपाडीचे कोरडे माळरान यांत असेच अंतर आहे. जावळी, पाटण किंवा शिराळ्यात लाकडाचा शत्रू म्हणजे बुरशी आणि कुजणे. तेथे तीन-चार महिने वस्तू धड वाळतच नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत लाकूड उन्हाने तडकते, वाकते आणि खालून वाळवी लागते. एकच घर दोन्हीकडे सारखेच टिकेल, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

घराचे तोंड कोणीकडे असावे, याबाबत मात्र निसर्गाने आपली सोय केली आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारनंतरचे कडक ऊनही पश्चिमेचेच असते. म्हणून पाठीची बंद भिंत पश्चिमेला आणि जाळीची दर्शनी बाजू पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवली की दोन्ही प्रश्न एकदम सुटतात, शिवाय सकाळचे कोवळे ऊन आत येऊन तळ वाळतो. अपवाद वळवाच्या पावसाचा. तो कोणत्या दिशेने येईल याचा नेम नसतो आणि सोबत वावटळ, कधी गाराही असतात. त्यासाठी दर्शनी बाजूला वरून सोडता येईल असा ताडपत्रीचा किंवा जाड गोणपाटाचा पडदा लावण्याची सोय, म्हणजे वरच्या आडव्या पट्टीत चार हुक, घर घेतानाच करून घ्यावी. झाडाखालची सावली उत्तम, परंतु कण्हेरीखाली किंवा घाणेरीच्या झुडपाशेजारी घर ठेवू नये. त्यांची पाने सशाला विषारी आहेत आणि जाळीतून आत आलेले पान तो खाऊन पाहणारच. गच्चीवर ठेवण्याचा मोह शहरात अनेकांना होतो. उन्हाळ्यात स्लॅब रात्री उशिरापर्यंत धगधगत असतो, त्यामुळे गच्ची ही माझ्या मते ससेघरासाठी शेवटची निवड असावी.

किती मोठे घ्यावे

बाजारातील बहुतेक ससेघरे लहान असतात, आणि येथे काटकसर करू नये. ब्रिटनमधील रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग जागा सुचवते. आपल्या भाषेत सुमारे १० फूट बाय साडेसहा फूट आणि उंची सव्वातीन फूट. ही जागा निजायची खोली आणि फिरायचे जाळीचे आवार मिळून मोजायची असते. एवढे एकसंध घर तयार मिळणे कठीण, म्हणून ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि किमान अडीच फूट उंचीचे पक्के ससेघर घ्यावे आणि त्याला जोडून जाळीचे आवार करून घ्यावे, हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो. आपल्याकडे पांढऱ्या रंगाचे आणि लाल डोळ्यांचे जे ससे सर्रास विकले जातात, त्यांत न्यूझीलंड व्हाइट जातीचे रक्त असते आणि ते पूर्ण वाढल्यावर चार-पाच किलोंचे होतात. विकत घेताना ओंजळीत मावणारे पिल्लू पाहून घराचे माप ठरवले, तर सहा महिन्यांनी पस्तावण्याची वेळ येते. ससा मागच्या पायांवर उभा राहिला असता कान छपराला टेकू नयेत आणि लांबीत त्याला सलग तीन उड्या मारता याव्यात, ही साधी कसोटी ध्यानात ठेवावी.

जुन्या ससेफार्मचे पिंजरे स्वस्तात विकायला निघतात. त्यांची जाळी अनेकदा चांगली असते, परंतु ते मांसासाठी किंवा पैदाशीसाठी जनावर ठेवण्याच्या हेतूने केलेले असतात आणि त्यांचा तळही तारेचाच असतो. भिंतीची जाळी काढून वापरण्यासाठी ते घ्यावेत, घर म्हणून घेऊ नयेत. एक गोष्ट येथेच सांगून टाकतो: उसाच्या तोडणीत सापडलेले रानसशाचे पिल्लू या घरात ठेवण्याचा विचार करू नये. तो वेगळा प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे.

छप्पर

घर पाहताना मी प्रथम छपराकडे पाहतो, कारण इतर कोणताही भाग पुढे दुरुस्त करता येतो, पण चुकीचे छप्पर सगळे घर खाते. डांबरी कागद आपल्याकडील उन्हात मऊ पडतो, मग कडक होऊन चिरतो आणि त्या चिरांतून पावसाळ्यात पाणी खालच्या पातळ प्लायवूडमध्ये मुरते. एकेरी जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, पाणी उत्तम अडवतो, परंतु तो तापला की खालची हवा असह्य होते. यावर उपाय दुहेरी छपराचा. आत लाकडी फळ्यांचे किंवा चांगल्या प्लायवूडचे छत असावे, त्यावर तीन-चार इंचांची मोकळी पोकळी सोडून पत्रा बसवावा आणि पोकळीची दोन्ही तोंडे जाळी लावून उघडी ठेवावीत, म्हणजे तापलेली हवा तेथून निघून जाते. पत्र्यावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात मारल्यास आणखी फरक पडतो. तासगाव परिसरात बेदाण्याच्या शेडवर वापरतात तशी शेडनेट पत्र्यापासून फूटभर वर ताणून बांधली, तर कमी खर्चात बरीच उष्णता अडते. उसाचे पाचट टाकण्याची पद्धतही जुनी आणि गुणकारी आहे. मात्र आसपासच्या शेतांत पाचट पेटवण्याचा हंगाम असेल तेव्हा ठिणगीचा धोका लक्षात घ्यावा, आणि पावसाळ्याआधी ते काढून टाकावे, कारण ओल्या पाचटात उंदीर आणि उंदरांमागून साप येतात.

मंगळुरी कौले सर्वांत थंड, यात शंका नाही. पण ती पेलायला सांगाडा भक्कम लागतो आणि वाई-महाबळेश्वरकडे वानरांच्या टोळ्या ती जागेवर राहू देत नाहीत. सिमेंटचे जुने पत्रे कोणी फुकट देऊ केले तरी घेऊ नयेत. त्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असते आणि कापताना, भोके पाडताना त्याची धूळ तुमच्याच छातीत जाते.

उतार मागच्या बाजूला, फुटाला किमान दोन इंच असावा. छपराची कड भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी ९ ते १२ इंच आलेली असावी, पश्चिमेला दीड फूट असली तर अधिक चांगले. तयार घरांत ही कड जेमतेम दोन इंच असते, कारण खोक्यात घडी घालून पाठवायची असते. या एका कारणासाठी मी तयार घराऐवजी बनवून घेतलेले घर पसंत करतो.

सांगाडा: लाकूड की लोखंड

लाकडात सागवानाला तोड नाही, पण सागवान या नावाखाली काय दिले जाते ते पाहावे. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. सालीजवळचे फिकट, पांढरट लाकूड मात्र इतर कोणत्याही लाकडासारखेच वाळवीच्या तोंडी पडते. पॉलिश किंवा रंग मारलेल्या पट्टीत हा फरक दिसत नाही, म्हणून रंग देण्याआधी लाकूड पाहण्याचा आग्रह धरावा. वाई, सातारा, मिरज अशा जुन्या गावांत वाडे पाडले जातात तेव्हा त्यांतील तुळया आणि चौकटी वखारीत येतात. शंभर पावसाळे पाहिलेले ते लाकूड पुरते वाळलेले असते, वाकत नाही आणि नव्या सागापेक्षा परवडते. फक्त त्यातील जुने खिळे सुताराकडून एकेक करून काढून घ्यावे लागतात. बाभूळ कणखर असते, परंतु तिला भुंगेरे लवकर लागतात. औतासाठी बाभळीचे ओंडके पूर्वी काही महिने पाण्यात बुडवून ठेवत ते यासाठीच; तसे मुरवलेले लाकूड मिळाले तर पायांसाठी ते वापरावे. आंब्याच्या फळ्या स्वस्त असतात, पण बाहेरच्या कामासाठी त्या घेऊ नयेत.

प्लायवूड असेल तर त्यावरील शिक्का वाचावा. आयएस ७१० हा मरीन प्लायवूडचा क्रमांक आहे आणि पावसात टिकायचे असेल तर तोच हवा. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराचे प्लायवूड असून त्यातील ओलावा सोसणारी प्रत घरातल्या कपाटाला ठीक, अंगणातील ससेघराला नव्हे. मरीन प्लायवूडच्याही कापलेल्या कडा मोकळ्या सोडल्या तर पाणी थरांत शिरते, त्यामुळे कडांवर पट्टी ठोकलेली आहे का ते पाहावे. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, तुकडा कोठेही दिसला तर ते घर तेथेच सोडून पुढे जावे.

जावळी-पाटणकडील पावसासाठी मात्र माझा कल लोखंडी सांगाड्याकडे आहे, आणि लाकूड फक्त आतल्या निजायच्या खोलीपुरते वापरावे असे मला वाटते. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीच्या परिसरातील फॅब्रिकेशनची दुकाने एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा करून देतात. पाइप १६ गेज, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा मागावा. हे काम बहुधा किलोच्या भावाने होते, त्यामुळे अंदाजपत्रकात वजन लिहून घेतले की पातळ पाइप वापरला गेला का ते वजनकाट्यावर कळते. पायांची खालची आणि वरची तोंडे टोप्या बसवून बंद केलेली असावीत; उघड्या तोंडातून पोकळ पायात पाणी साचते आणि तो बाहेरून ठणठणीत दिसत असतानाच आतून गंजून जातो. द्राक्षबाग काढल्यावर उरलेले जुने अँगलही यासाठी चांगले उपयोगी पडतात.

रंगाविषयी थोडी सावधगिरी हवी. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि हाताशी, खरे तर दाताशी, जे लाकूड येईल ते तो कुरतडतो. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असणे बंधनकारक आहे. त्यापूर्वीचा शिल्लक डबा कोपऱ्यात पडला असेल तर तो या कामाला वापरू नये, आणि औद्योगिक कामासाठीचे रंग आतल्या बाजूला लावू नयेत. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला जळके ऑइल फासण्याची गावाकडे रीत आहे. ते पायांच्या तळाच्या सहा इंचांपुरते ठीक, पण सशाचे तोंड पोहोचेल तेथे अजिबात नको. आतील लाकूड कोरेच ठेवावे किंवा त्याला कच्चे जवसाचे तेल पाजून आठवडाभर उन्हात वाळवावे.

जाळी

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवण्यासाठी असते, कुत्र्याला बाहेर ठेवण्यासाठी नसते. भटके कुत्रे ती दातांनी फाडतात आणि ससाही पाहतापाहता तिची तार तोडतो. ससेघराला वेल्डमेश, म्हणजे प्रत्येक सांधा वेल्ड केलेली चौकोनी जाळी, हवी. तिचा चौकोन अर्धा इंच बाय अर्धा इंच असावा. एक इंची चौकोनातून लहान उंदीर आणि सापही शिरतात, तर दोन इंचीमधून मांजर पंजा आत घालून जाळीला टेकून झोपलेल्या सशाला जखमी करते. तारेच्या जाडीबाबत खरेदीत नेहमी एक गोंधळ होतो: गेजचा आकडा जेवढा मोठा, तार तेवढी बारीक. २२ गेजची तार पाऊण मिलिमीटरहूनही कमी जाड असते, १६ गेजची सुमारे १.६ मिलिमीटर आणि १४ गेजची २ मिलिमीटर. १६ गेज ही मी किमान मानतो. मळ्यात, गावाबाहेर घर असेल तर १४ गेज घ्यावी.

जस्ताचा मुलामा वेल्डिंगच्या आधी दिला की नंतर, यावर जाळीचे आयुष्य ठरते. आधी दिला असेल तर प्रत्येक सांध्यापाशी तो जळालेला असतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तेथे तांबूस ठिपके उमटतात. दुकानात उघड्यावर पडलेल्या जुन्या गुंडाळीचे सांधे पाहिले की हे लगेच समजते.

जाळी चौकटीच्या आतून बसवावी की बाहेरून, हा बारीक दिसणारा पण महत्त्वाचा मुद्दा आहे. बाहेरून बसवली तर कुत्र्याच्या धडकेने ती चौकटीवरच दाबली जाते, परंतु आतून चौकटीचे लाकूड उघडे राहते आणि ससा ते कुरतडत बसतो. आतून बसवली तर लाकूड वाचते, पण नुसत्या पिना मारलेल्या असतील तर धडकेसरशी जाळी आत निघून येते. मी आतूनच बसवून घेतो, मात्र पिनांऐवजी दर चार इंचांवर वॉशरसह स्क्रू आणि कडेला पातळ पत्र्याची पट्टी लावून. तयार घरात ही जाळी नेहमी पिनांवरच असते. ते घेतले असेल तर स्क्रूचे काम त्याच दिवशी उरकावे. कापलेल्या तारांची टोके आत वळलेली नाहीत ना, हे सगळीकडे हात फिरवून पाहावे.

तळ

सशाच्या पावलांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, फक्त दाट केस असतात. तारेच्या तळावर सतत राहिल्याने मागच्या पायांना घट्टे पडतात, मग जखमा होतात आणि त्या चिघळल्या की बऱ्या व्हायला महिने लागतात. म्हणून विक्रेता ‘लेंडी आपोआप खाली पडते’ असे कौतुकाने सांगत असेल तरी पूर्ण जाळीचा तळ घेऊ नये. तळ भरीव असावा, थोडा उतार असावा आणि त्यावर भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत अंथरावे. शेळ्यांच्या गोठ्यात बसवतात त्या प्लास्टिकच्या फटींच्या तक्त्या टिकाऊ असतात आणि धुवायलाही सोप्या जातात, पण फटीत पिल्लाचा पाय अडकू शकतो, त्यामुळे त्या पेंढ्याखालीच असाव्यात.

तळाखालचा ट्रे पूर्ण बाहेर ओढता येतो का ते करून पाहावे. सशाच्या मूत्रात कॅल्शियम बरेच असते, त्याचे पांढरे खडूसारखे थर साचतात आणि पत्र्याचा ट्रे त्याखाली गंजतो. जाड प्लास्टिकचा ट्रे अधिक टिकतो आणि ते थर व्हिनेगरने निघतात. ट्रे अर्ध्यावर अडकत असेल तर तुम्ही तो रोज काढणार नाही, आणि मग अमोनियाचा वास साचून सशाच्या श्वसनाला त्रास होतो, पावसाळ्यात माशा बसून अंगात अळ्या पडण्याची भीती असते ती वेगळीच.

निजायच्या खोलीत शहाबादी फरशीचा दीड-दोन फुटी तुकडा ठेवता येईल इतकी सपाट जागा आणि त्याचे वजन पेलणारी तळपट्टी असावी. उन्हाळ्यात ससा दिवसभर त्या फरशीवर पोट टेकून पडून राहतो. पंखा, कूलर या गोष्टी नंतरच्या. हा तुकडा फरशीच्या दुकानात उरलेल्या मालात मिळतो.

दारे, पाय आणि रात्रीचे पाहुणे

दार एवढे मोठे असावे की हात घालून मागचा कोपरा पुसता यावा. आकडा-कडी पुरेशी नाही; मांजर किंवा मुंगूस ती उचकटते. वर आणि खाली एकेक टॉवर बोल्ट आणि मध्ये कुलूप लावता येईल असा कडीकोयंडा हवा. बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. घर खिळ्यांनी जोडलेले असेल तर लाकूड पावसात फुगून उन्हात आकसताना खिळे सैल होतात, म्हणून स्क्रू किंवा खाचेत कुसू बसवून केलेला सांधा पाहून घ्यावा. दुकानातच घराचा एक वरचा कोपरा धरून तिरका हलवून पाहावा. सगळे घर लुळे होऊन डोलत असेल तर त्याचे वय दोन वर्षांपेक्षा जास्त नाही.

पाय दोन-अडीच फूट उंच असावेत आणि मातीत न पुरता दगडावर किंवा फरशीवर टेकवलेले असावेत. पूर्वी स्वयंपाकघरातील जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तीच युक्ती येथे मुंग्यांसाठी आणि काही अंशी वाळवीसाठीही चालते. पाणी मात्र दर दोन दिवसांनी बदलावे, नाहीतर डासांची पैदास आपणच केल्यासारखे होईल. जमिनीवरच्या आवाराला तळाशी दीड-दोन फूट रुंदीची जाळी बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती टाकावी, म्हणजे कुत्रा बाहेरून उकरू लागला तरी त्याच्या पंजांखाली जाळीच येते. ससा आतून बिळे खणतो, त्यामुळे आवाराच्या आतही जाळी हातभर खोल पुरून तिच्यावर माती भरलेली बरी.

कराड, पाटण, वाळवा, शिराळा या भागांत उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर आहे. त्याच्यापुढे कोणतेही ससेघर टिकणार नाही, आणि तसे सांगून कोणी विकत असेल तर तो फसवतो आहे. शेतातील वस्तीवर राहणाऱ्यांनी रात्री ससे पक्क्या खोलीत किंवा बंद गोठ्यात न्यावेत. इतरत्रही, कुत्रा जाळीपर्यंत आला आणि आत शिरू शकला नाही तरी ससा भीतीने गंभीर आजारी पडू शकतो, प्रसंगी मरतो. म्हणून ज्यात शिरल्यावर तो बाहेरून दिसणार नाही अशी बंद, पण वरून झरोके असलेली खोली घरात असायलाच हवी.

कृष्णाकाठी राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि २०२१ च्या जुलैतही ते घरांत शिरले. पूरपट्ट्यात ससेघर एका जागी जाम केलेले नसावे. नट-बोल्टने दोन भागांत सुटणारे आणि दोन माणसांना जिन्याने वर नेता येईल अशा रुंदीचे घर घ्यावे, दोन्ही बाजूंना उचलायला कड्या लावून घ्याव्यात आणि जिन्याची रुंदी आधी टेपने मोजावी. मी स्वतः हे मोजले नव्हते आणि घर पहिल्या वळणावर अडकले. ससे टोपलीतून वर गेले, घर खालीच राहिले.

घर दारात आल्यावर

बनवून घेतले असेल तर सगळी रक्कम आधी देऊ नये. घर जागेवर ठेवून झाले की आत कोरडी वर्तमानपत्रे सर्व कोपऱ्यांत पसरावीत आणि बागेच्या पाइपने, तोंड अंगठ्याने दाबून, पश्चिमेच्या बाजूने दहा-पंधरा मिनिटे पाणी मारावे. कागद कोठे ओला झाला त्यावरून छपराची कड किती कमी पडते आणि कोणती फट भरायची हे समजते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आत साधा तापमापक अर्धा तास ठेवावा आणि बाहेरच्या सावलीतील आकड्याशी ताडून पाहावा. आत दोन अंशांहून जास्त फरक आढळला तर वरची पोकळी किंवा झरोके वाढवून घ्यावे लागतील. जाळीवर गुडघा रेटून पाहावा, प्रत्येक बोल्ट डोळे मिटून एका हाताने उघडता-लावता येतो का ते पाहावे, कारण पावसात आणि वीज गेलेली असताना ते तसेच करावे लागते. सुताराला किंवा फॅब्रिकेशनवाल्याला हे सारे त्याच्यासमोर करून दाखवावे, राहिलेली कामे तेथेच करून घ्यावीत आणि उरलेले पैसे त्यानंतर द्यावेत.